साहेबाची वाट, सोयऱ्यांची वाट

बाबा,

मुंबईच्या ऑफिसात बसून मी दिवसभर नेमकं करते तरी काय, असं तुम्ही मला एकदा विचारलं होतं. मी सुट्टीला घरी आले होते आणि तुम्ही पडवीत सुंभ वळत बसला होता. नोकरी नवी असल्यामुळे मी फार सविस्तर उत्तर दिलं. पाऊस, पेरणी, बाजारातले भाव, बाहेरून येणारं धान्य हे सगळं एकत्र धरून पुढच्या वर्षी तांदूळ किती पिकेल आणि काय भावानं जाईल, याचा आम्ही आधीच अंदाज बांधतो, असं मी सांगितलं. तुमचे हात थांबले नाहीत. "म्हंजे आणेवारी करतंस गो," एवढंच तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, हो, पण सबंध देशाची. तेव्हा कुठं तुम्ही मान वर केलीत आणि विचारलंत, "मंग साहेबाच्या वाटंनं जातंस, का सोयऱ्यांच्या?" आपण दोघं इतके हसलो की काय झालं ते बघायला आई चुलीपासून उठून बाहेर आली. हा प्रश्न मी पुढं ऑफिसात कित्येकदा मनातल्या मनात विचारला, पण मोठ्यानं कधी कोणाला सांगता आला नाही, कारण तो समजायला आधी आपलं सगळं गाव सांगावं लागलं असतं. आज ते सांगायला बसले आहे. तुम्हाला यातलं बहुतेक ठाऊक आहे, तरी ऐका. सगळंच ठाऊक नाही.

आपलं गाव मुरबाडहून आत, डोंगराच्या पायथ्याशी. कुळकायद्यानं जमीन नुकतीच नावावर झाली होती, म्हणजे शेतसारा मागायला तलाठी आता थेट आपल्याच दारात येई. बाजारातून आणे जाऊन नवे पैसे आले होते, पण उभ्या पिकात मात्र आणेच राहिले. सोळा आणे म्हणजे भरभरून पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. भात कापणीला यायच्या आधी तलाठ्यावरचे सर्कलसाहेब यायचे, बांधावर उभे राहून नुसत्या नजरेनं गावाचं पीक जोखायचे आणि एक आकडा लिहून न्यायचे. तो आकडा ठरावीक रेषेखाली गेला की सारा पुढं ढकलला जाई. त्यामुळं साहेब येणार अशी दवंडी झाली की सगळं गाव एका रात्रीत गरीब होई. बरे सदरे पेटीत जात, फाटके बाहेर येत आणि एरवी दिवसभर खिदळणारी माणसंही कोणी वारल्यासारखी हळू बोलू लागत. साहेबांना न्यायची वाटसुद्धा ठरलेली होती. नदीकाठच्या ज्या खाचरांत खेकडे बिळं पाडून पाणी टिकू देत नाहीत तिथून ती सुरू होई, मग कातळावरचा मुरमाड पट्टा, मग सावलीतलं झाडांखालचं पिवळं भात, आणि पुन्हा चावडी. या वाटेनं गेलेला माणूस या गावात लोक जगतात तरी कशावर याचा विचार करत परत जाई.

दुसरी वाट सोयऱ्यांची. मुलगी द्यायला म्हणून कोणी आलं की त्यांना देवळामागून काढायचं, तळ्याखालच्या काळ्या खाचरांच्या कडेकडेनं न्यायचं, विहिरीशी जरा बसवायचं आणि सहज बोलता बोलता हात लांब करून "ते समोरचं बी आपलंच" म्हणायचं. तुमचं आणि त्या समोरच्याचं काही नातं असो वा नसो, सोयरीक जुळेपर्यंत सगळी जमीन सगळ्यांची असे. तुम्ही गावचे पंच, म्हणून दोन्ही वाटांवर पुढं चालायचा मान तुमचा. मला तेव्हा यात काही खोटेपणा वाटत नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही फारसा वाटत नाही. पीक एकच, ते कोणाला दाखवायचं आहे त्यावर त्याचा आकडा ठरतो, हे मी पुढं मोठमोठ्या कचेऱ्यांत बघितलं. तिथं फक्त खेकडे नव्हते.

ज्या वर्षाचं मी सांगणार आहे, त्या वर्षी मी सातवी पास होऊन घरी बसले होते. पुढची शाळा मुरबाडला होती आणि आत्याच्या घरी राहायची सोयही होती. अडचण आईची होती. पाणी, गुरं, कांडण, शेतावरची भाकरी हे सगळं एकट्या आईच्यानं उरकणारं नव्हतं. तुम्ही मला शब्द दिला होता. "घरात सून येऊ दे, मंग तुला मुरबाडला धाडतो." त्या दिवसापासून दादाच्या लग्नाची घाई आपल्या घरात सगळ्यांत जास्त मला होती, दादाला तर मुळीच नव्हती. तो लग्नाचा विषय निघाला की उठून बैलांना चारा घालायला जाई. बैल त्या वर्षी चांगलेच गुबगुबीत झाले. डोळखांबच्या बाजूच्या एका वाडीतलं स्थळ आत्यानं सुचवलं होतं. मुलगी कामाची, हसरी, आणि बाप असा की शेत डोळ्यानं बघितल्याशिवाय पोर द्यायची नाही असं त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. तो भात निसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या सुमाराला येऊन बघून जाणार होता. मी मनात शाळेची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

पण पावसानं भाद्रपदात दडी मारली. ऊन वैशाखासारखं तापायला लागलं, खाचरांतलं पाणी आटून तळाच्या मातीला भेगा गेल्या आणि भात पोटरीत येऊन, कणीस पोटातच धरून, तसंच उभं राहिलं. तुम्ही रोज सकाळी बांधावर जाऊन एखादी काडी सोलून बघायचात आणि ती बांधावरच टाकून परत यायचात. गावात चावडीसमोर बसून माणसं आपापले अंदाज सांगत. कोणी म्हणे चार आणे, कोणी तीन. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणायचात, हस्ताचं नक्षत्र लागू दे मग सांगतो. मला तुमचा राग यायचा. पंचानं काहीतरी ठाम बोलावं असं मला वाटे.

आणि मग तो दिवस. साहेबांचा दौरा दोन दिवसांनी होता, तो काय कारणानं कोण जाणे अलीकडे आला. सकाळी डोळखांबचे पाहुणे, मुलीचा बाप आणि चुलता, काळू नदीचं पाणी उतरल्यामुळं सरळ पायवाटेनं चालत येऊन आपल्या पडवीत टेकले आहेत. आई त्यांना पाणी देते आहे. मागल्या दारी कोंबडी कापून झाली आहे. इतक्यात कोतवाल धापा टाकत येतो आणि सांगतो की साहेब चावडीवर आले, पंचांना बोलावलंय. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. अंगात सोयऱ्यांसाठी घातलेला धुवट सदरा, आणि आता जायचं साहेबांपुढं. तुम्ही आत आलात, सदरा काढलात, खुंटीवरची फाटकी बंडी घेतलीत, पाहुण्यांची आठवण झाली तशी ती परत टांगलीत, आणि शेवटी सदऱ्यावरच ती बंडी चढवून बाहेर पडलात. आई चुलीपाशी डोक्याला हात लावून बसली. साहेब आले की जेवायला आपल्याकडेच असायचे आणि त्यांना नाचणीची भाकरी नि चटणी वाढायची ही गावची रीत. सोयऱ्यांना कोंबडी नि वडे. एका चुलीवर एकाच वेळी दोन गावं कशी रांधायची, असं ती म्हणाली.

दादानं पाहुण्यांना देवळाकडून न्यावं असं तुम्ही खुणेनं सांगितलंत. पण मुलीचा बाप उठून उभा राहिला आणि म्हणाला की साहेब कसं बघतात ते आपल्यालाही बघायचं आहे, आपण सगळे बरोबरच जाऊ. नाही म्हणायला जागाच नव्हती. साहेब, तलाठी, कोतवाल, गावची पाचसहा जाणती माणसं, दोन सोयरे असा सगळा लवाजमा निघाला आणि मीही मागून निघाले. साहेब मध्यम वयाचे, जरा थकलेले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बूट हातात घेतलेले. नदीकाठच्या खाचरांशी खेकड्यांची बिळं दाखवण्यात आली. कातळावरचा पट्टा दाखवण्यात आला. गावकरी बरोबर जिथं उसासा टाकायचा तिथं टाकत होते. मी मुलीच्या बापाच्या मागंच चालत होते. त्यानं भावाकडं वळून हलक्या आवाजात म्हटलं, "आपल्याकडं बी हीच वाट हाय." तोही त्याच्या गावचा पंच आहे, हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. साहेबाची वाट ओळखणारा माणूस सोयऱ्यांची वाट ओळखणार नाही होय?

झाडांखालच्या पिवळ्या भाताशी साहेब थांबले. तलाठ्यानं कागद पुढं केला. साहेबांनी तुमच्याकडं बघून विचारलं, "बोला पंच, किती आणे धरायचे?" बाबा, मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या, पण त्या बांधावर तुमची चालली होती तशी कुणाची बघितली नाही. चार म्हणावं तर सोयरा ऐकतो आहे, चार आण्याच्या गावात पोर कोण देईल. बारा म्हणावं तर सगळं गाव पाठीशी उभं आहे, त्यांच्या सबंध वर्षाच्या साऱ्याचा प्रश्न. तुम्ही एकदा गावकऱ्यांकडं बघितलंत, एकदा सोयऱ्याकडं. सदऱ्यावरची ती बंडी ओढून घेतलीत. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. मग मान खाली घालून भातालाच सांगावं तसं तुम्ही बोललात.

"साहेब, हस्त पडला तर धा. नाय पडला तर पाच. त्याच्या पलीकडं मना नाय म्हाईत."

मागं कोणीतरी कपाळावर हात मारल्याचं ऐकू आलं. साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांनी तलाठ्याच्या हातून कागद घेतला. मग म्हणाले की ही वाट मला दाखवण्यापुरतीच आहे हे मला ठाऊक आहे. तुम्ही लोक खाली ओढता म्हणून मी थोडं वर चढवतो, आणि मी चढवणार हे धरून तुम्ही आणखी खाली ओढता. असं इतकी वर्षं चाललंय. आज पहिल्यांदाच कोणी मला त्याला खरोखर जे वाटतं ते सांगितलं, आणि तेच नेमकं माझ्या उपयोगाचं नाही. "मला एकच आकडा लिहायचाय हो. तुमच्या 'तर'ला या कागदावर जागा नाही." असं म्हणून त्यांनी सात लिहिला, म्हणजे सारा त्याच वर्षी भरायचा. दहा आणि पाचच्या मधला साडेसात होतो. तो अर्धा आणा त्यांनी तुमच्या खरेपणासाठी सोडला, की अर्धा लिहायची सोय नव्हती, हे मला कधीच कळलं नाही.

जेवायला सगळे आपल्याकडेच आले. आईनं नाचणीची भाकरी साहेबांच्या पानात वाढली खरी, पण घरभर कोंबडीचा वास सुटला होता. साहेबांनी शांतपणे विचारलं की हा वास कसला. आई पदर सावरत चुलीकडं वळली. तुम्ही घसा खाकरून म्हणालात, "कोंबडी हाय साहेब. पन ती गेल्या सालची." साहेब इतके हसले की ठसका लागला. मग त्यांनाही रस्सा वाढला, वडे वाढले, आणि गेल्या सालच्या पिकाची त्यांनी दोनदा मागून घेऊन आणेवारी केली. सोयरे मात्र खाली मान घालून जेवत होते. मी दाराआडून त्यांच्या तोंडाकडं बघून माझी आणेवारी काढत होते, ती काही चार आण्यांच्या वर जाईना.

साहेबांना वाटेला लावून यायला उशीर झाला. तुम्ही तरीही हट्टानं सोयऱ्यांना देवळामागून घेऊन गेलात. तिन्हीसांजा झाल्या होत्या. तळ्याखालची खाचरं, विहीर, समोरचं ते आपलंच, काही म्हणजे काही सोडलं नाहीत. दादा कंदील घेऊन शोधायला आला तेव्हा तुम्ही कुठल्याशा बांधावर उभे राहून अजून हातवारे करत होता. रात्री पाहुणे राहिले आणि पहाटे उठून गेले. होय नाही, काही बोलले नाहीत. त्या दिवशी देवळासमोर गावानं तुम्हाला फैलावर घेतलं. तुमच्या चुलतभावानं तर सगळ्यांदेखत सुनावलं की सुनेपायी गावाला सात आण्याला घातलंस. तुम्ही ऐकून घेतलंत. घरी आलात, जेवला नाहीत आणि ओटीवर पडून राहिलात. मला तुमचा अभिमान वाटत होता असं आज लिहायला फार बरं वाटेल, पण मला त्या रात्री फक्त शाळा बुडाल्याचं रडू येत होतं.

आईचं मात्र निराळंच चाललं होतं. तुमचा तो दुहेरी अंदाज तिच्या कानावर आला होता आणि त्यातला दहा तिनं ऐकलाच नाही. तिनं पाच तेवढा ऐकला. भात निम्मंच येणार असेल तर मागून काहीतरी हाताशी हवं, म्हणून ती दुसऱ्याच दिवशी तिच्या माहेरी गेली आणि भावाकडून वालाचं बियाणं डोक्यावर घेऊन आली. एरवी आपण वाल टाकायचो ते विहिरीकडच्या दोन खाचरांत. या वेळी तिनं सगळीकडं टाकायचं ठरवलं. दादाला बैलांपासून सोडवून बांध नीट करायला लावलं. तुम्ही म्हणालात, अगं हस्त पडला तर? ती म्हणाली, पडला तर वालाला ओल मिळेल. तिच्या हिशेबात तोटा कुठं बसतच नव्हता.

आणि हस्त पडला. असा पडला की उभं हळवं, लवकर पिकणारं भात आडवं झालं, आणि उशिराच्या गरव्या भाताची कणसं मात्र भरली. झोडून झाल्यावर सगळं धरून बघितलं तर सात आण्यांच्या आसपासच निघालं. सगळ्यांत जवळ साहेबच आले होते बाबा, हे तुम्ही मरेपर्यंत कबूल केलं नाहीत. पण त्या वर्षाची खरी गंमत भातात नव्हतीच. मागच्या ओलीवर वाल असे आले की खाचरांतून चालायला जागा उरली नाही. साहेबांच्या सातात वाल नव्हते, तुमच्या दहात नव्हते, पाचातही नव्हते. कोणी मोजलेच नव्हते. सारा भरला गेला, चुलतभाऊ पुन्हा बोलू लागले, आणि त्याआधीच, भात खळ्यावर असतानाच डोळखांबहून बाजाराला आलेल्या माणसाबरोबर निरोप आला होता की पोरगी दिली. लग्न चैत्रात झालं. धवलारीण ओव्या गात होती, वऱ्हाडानं वालाच्या बिरड्यावर ताव मारला, आणि दादा मांडवातूनसुद्धा दोनदा बैलांकडं जाऊन आला. जूनमध्ये तुम्ही माझी ट्रंक खांद्यावर घेऊन मला मुरबाडला पोचवलंत. वाटेत एका माळावर थांबून मला सांगितलंत की दोन वर्षांत इथं रेल्वे येणार, स्टेशन बरोबर या आंब्याखाली होणार, मग तू गाडीनं ये-जा कर. मी अजून एसटीनंच येते. तेवढं तुमचं भाकीत मी खोटं ठरलं असं म्हणत नाही, मुदत वाढवली आहे असं म्हणते.

वहिनीनं घर उचललं तसं मला उचलता आलं नसतं. सुट्टीला मी आले की ती मला कामाला हात लावू देत नसे, पुस्तक घेऊन विहिरीवर बस म्हणे आणि स्वतः पाणी शेंदता शेंदता शाळेत काय काय शिकवलं ते विचारी. माझं कॉलेज झालं, पुढची परीक्षा झाली, नोकरी लागली, ते तिच्या कष्टांवर झालं. आणि मग मी पगार घेऊन चुकायला लागले. चाळीस-एक वर्षं मी अंदाज बांधले आणि त्यातले पुष्कळ चुकले. कधी पाऊस फिरला, कधी माणसं फिरली. कधी आम्ही भाव चढणार म्हणून छापलं आणि ते वाचून लोकांनी माल दडवण्याऐवजी बाहेर काढला, भाव पडले. प्रत्येक वेळी मला तुमची आठवण यायची. आपण उभं पीक बघतो, पण पीक आपल्याकडं बघत नसलं तरी बांधावरची माणसं बघत असतात, आणि आपला आकडा ऐकून ती काहीतरी करायला लागतात. तिथून पुढं तो आकडा आपला राहत नाही.

एका वर्षी आम्ही टंचाईचा अंदाज दिला. वेळेवर दिला. त्यामुळं धान्य आधीच मागवून कोठारं भरली गेली आणि टंचाई काही आली नाही. वर्तमानपत्रांनी आमची यथेच्छ टर उडवली, माझे साहेब तर चार दिवस तोंड लपवून हिंडत होते. मला मात्र हसू आवरेना. मला आईचे वाल दिसत होते. तुमचा पाच आणे चुकला म्हणून कोणी तुम्हाला हसलं असेल, पण तो पाच तुम्ही बोलला नसता तर आई माहेरी गेली नसती. खरं ठरणं हे अंदाजाचं एक काम झालं. वेळेवर कुणाला तरी उठवून कामाला लावणं हे त्याचं दुसरं काम, आणि मला विचाराल तर तेच मोठं. हे मी एका भाषणात सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. तुमचा 'तर' लिहायला आता आमच्या कागदावर जागा असते, हेही सांगून टाकते. आम्ही कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं असं लिहितो. वाचणारे मात्र अजून मधलाच आकडा उचलून नेतात.

ही सगळी कहाणी तुम्ही जन्मभर तुमच्या पद्धतीनं सांगितलीत. तिच्यात साहेब नव्हते, बंडी नव्हती, धा आणि पाच नव्हते. तिच्यात होती फक्त सोयऱ्यांची वाट. आपण पाहुण्यांना अशा काही हुशारीनं फिरवून आणलं की त्यांनी तिथल्या तिथं मनात पोर देऊन टाकली, असं तुम्ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, नातवंडांना झोपवताना सांगायचात. वाट दर वर्षी लांबत गेली. शेवटी शेवटी तर तुम्ही शेजारच्या गावचं तळंही तिच्यात घेतलं होतं. गावात कुणाचं स्थळ आलं की तुम्हाला बोलावणं यायचं आणि तुम्ही काठी टेकत पुढं निघायचात. तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली.

या दिवाळीत मी वहिनीकडे गेले होते. तिच्या नातीच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलाची नोकरी, पगार, पुढं तो किती वाढेल याचे तर्क घरभर चालले होते. वहिनी एका कोपऱ्यात बसून नुसती ऐकत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सहज विचारलं, की तुझ्या वडिलांनी त्या दिवशी आमच्याकडं असं काय बघितलं होतं? ती हसायला लागली. म्हणाली, "आमचं बाबा घरी आलं तवा आयनं पयलं त्येच इचारलं, पीक कसं हाय. तर बाबा म्हनलं, मना काय दिसलंच नाय, काळोख पडला व्हता. ते आपलं दाखवीत व्हते नि मी मान डोलवीत व्हतो. पन साहेबानं इचारलं तवा त्या मानसाला खोटं बोलता येईना. गावासाठी नाय नि पोरासाठी बी नाय. म्हनलं, त्या घरात माजी पोर फसायची नाय."

तुम्ही त्या बांधावर हरलात असं ज्या क्षणी आम्हा सगळ्यांना वाटलं, त्याच क्षणी माझी शाळा पक्की झाली होती, आणि ते तिथं एकाच माणसाला कळलं होतं. तुम्हाला तर कधीच कळलं नाही. मला तुमचा फार फार अभिमान वाटला बाबा, उशिरा का होईना. हे तुम्हाला सांगायला हवं म्हणून घरी परतल्यावर लगेच लिहायला बसले.

आणि इथवर लिहून झाल्यावर कळतं आहे, की पत्ता असता तरी मी हे पाठवलं नसतं. वहिनीला हे सगळं, त्या काळोखासकट, लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. तुमच्या पानात भात वाढता वाढता तिनं सोयऱ्यांच्या वाटेची ती कहाणी किती वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी तिनं हातातली पळी थांबवून विचारलं, "मंग मामा, फुडं कोनतं खाचर दाखवलंत?" तुम्ही आज समोर असता तर मीही तेवढंच विचारलं असतं.